लाईट जाताना नाही, परत येताना सांभाळा

लाईट गेल्यामुळे टीव्ही सहसा जळत नाही, ती परत येते तेव्हा जळतो. त्या क्षणी आजूबाजूचे सगळे फ्रिज, पंप, एसी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज खालीवर होतं, म्हणून लाईट गेली की आधी टीव्ही, कॉम्प्युटर, वॉशिंग मशीनच्या पिना काढा, एखादा बल्ब चालू ठेवा म्हणजे लाईट आल्याचं कळेल, आणि आल्यावर चार-पाच मिनिटं थांबूनच बाकीचं लावा. फ्रिज-एसीला तर थांबायलाच हवं, कॉम्प्रेसरमधल्या गॅसचं प्रेशर सारखं व्हायला तीनेक मिनिटं जातात, त्याआधी चालू केला की मोटरवर जोर येतो.

स्पाईक गार्ड (व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारा बोर्ड) घेताना नीट बघा, कारण बरेचसे लांब बोर्ड नुसते एक्स्टेंशन असतात. बॉक्सवर जूलचा आकडा हवा (किती झटका झेलेल त्याचं माप), जास्त तितका बरा. आत एमओव्ही नावाचा छोटासा पार्ट असतो, व्होल्टेज उसळलं की तो जादाचा करंट बाजूला वळवतो आणि प्रत्येक झटक्याला थोडा झिजतो, त्यामुळे बोर्डात पॉवर येतेय पण संरक्षण कधीच संपलंय असं होऊ शकतं. म्हणून प्रोटेक्शनचा वेगळा दिवा असलेलाच घ्या आणि तो विझला की बोर्ड बदला. पण अर्थिंग नीट नसेल तर चांगल्या स्पाईक गार्डचंही बरंचसं काम होत नाही! तीन पिनांचं सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहेच असं धरून चालू नका, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, तेव्हाच मेन बोर्डात टाईप २ एसपीडी (अख्ख्या घरासाठीचं झटका अडवणारं उपकरण) बसवता येईल का तेही विचारा. माझ्या मते पैसे आधी अर्थिंग आणि एसपीडीवरच घालावेत. स्टॅबिलायझर वेगळा, तो व्होल्टेज बराच वेळ कमीजास्त राहतं त्यासाठी, क्षणभराच्या झटक्यासाठी नाही.

विजा पडत असतील तर मात्र कुठल्याच उपकरणावर भरवसा ठेवू नका, पिन काढणं हाच उपाय, आणि राऊटरची लॅन केबल, टीव्हीची डिश केबल पण काढा, झटका तिथूनही येतो. हे ढग गडगडायच्या आधी करायचं, डोक्यावर वीज कडाडत असताना वायरींना हात लावायचा नाही.

कॉम्प्युटरला यूपीएस हवाच, म्हणजे लाईट गेली की थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा डबा. त्यावरचा व्हीए (व्होल्ट-अँपिअर) म्हणजे वॅट नव्हे, ६०० व्हीएचा यूपीएस बऱ्याचदा ३६० वॅटच देतो. तो काम चालू ठेवायला नाही, सेव्ह करून नीट शटडाऊन करायला आहे, आणि यूएसबी पोर्ट असेल तर केबल जोडून ऑटो शटडाऊन सेट करा, तुम्ही घरी नसलात तरी मशीन स्वतः बंद होईल. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, तो गरम होताना एकदम खूप लोड घेतो. बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षांत उतरते, तेव्हा मधूनमधून काम नसताना भिंतीवरचं बटण बंद करून किती वेळ टिकतो ते बघा.

आता डेटा, आणि खरी काळजी याचीच, कारण मशीन नवीन मिळतं पण फोटो परत मिळत नाहीत. फाईल सेव्ह केली तरी ती लगेच डिस्कवर जाईलच असं नाही, थोडा वेळ मेमरीत थांबते आणि नेमकी तेव्हा लाईट गेली की फाईल अर्धवट राहते, म्हणून एक्स्टर्नल डिस्क इजेक्ट करूनच काढा आणि लाईट ये-जा करत असेल त्या दिवशी बायोस किंवा फर्मवेअर (मशीनच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करूच नका. डेटाच्या मूळ धरून ३ कॉपी ठेवा, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ घराबाहेर किंवा क्लाऊडवर. बॅकअपची डिस्क कायम कॉम्प्युटरला जोडून ठेवलीत तर एकाच झटक्यात दोन्ही जातील, तेव्हा काम झालं की काढून कपाटात ठेवा. आणि अधूनमधून बॅकअपमधली फाईल उघडून बघा, उघडत नसेल तर तो बॅकअप नाहीच.

एवढं करूनही लाईट आल्यावर हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर परत परत चालू करून बघू नका, लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या, प्रत्येक वेळी चालू करताना आतला डेटा आणखी खराब होऊ शकतो.