गटाराचे काम कागदावरून गल्लीत कसे आले

इंदूरच्या रामबागेतील आमच्या गल्लीत गटारदुरुस्ती कागदोपत्री पूर्ण झाली होती; पावसाचे पाणी मात्र दारातच साचत असे. १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आणि ती बंद करण्याविषयी फोन आला तेव्हा समाधान झाले नसल्याचे स्पष्ट सांगितले, कारण त्यामुळेच ती वरच्या स्तरावर जाते. खरा उपयोग झाला तो माहितीच्या अधिकाराचा. २००५ च्या या कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे (हे फार थोड्यांना ठाऊक असते), म्हणून कार्यादेश व मोजमाप पुस्तिकेच्या प्रतींसोबत मी पाहणीचीही मागणी केली. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते; त्याआधीच कंत्राटदाराची माणसे गटाराचा उतार दुरुस्त करायला आली.