पीएचडीसाठी संशोधन पद्धती शिकताना आधी एकक ठरवा

उच्च शिक्षण व्यवस्थापनात पीएचडी करणारे बहुतेक जण पहिल्याच महिन्यात प्रश्नावली बनवायला बसतात. तुम्हीही बसला असाल तर ती बाजूला ठेवा. तिची वेळ बरीच पुढे आहे.

पहिलं काम, विषयाचा प्रश्न करा. 'स्वायत्ततेचा अभ्यास' हा प्रश्न नाही. 'स्वायत्त महाविद्यालयांतले प्राध्यापक कामावर जास्त समाधानी असतात का?' हा प्रश्न आहे.

दुसरं, आपल्या विषयातले चार-पाच प्रबंध मिळवा आणि त्यातलं फक्त पद्धतीचं प्रकरण वाचा.

तिसरं काम म्हणजे विश्लेषणाचं एकक ठरवणं, म्हणजे तुलना माणसांची करायची की संस्थांची, हे ठरवणं. इथे माझं एक वर्ष गेलं, म्हणून जरा थांबतो.

वर दिलेला प्रश्न माझाच होता. दोन स्वायत्त आणि दोन बिगर-स्वायत्त महाविद्यालयांतून प्रत्येकी १०० असे ४०० फॉर्म मी भरून आणले होते. सादरीकरणात एका परीक्षकांनी विचारलं, "नमुना किती?" मी ऐटीत म्हणालो, "चारशे." ते म्हणाले, "मला चारच दिसतात."

मला राग आला होता, पण त्यांचं बरोबर होतं. स्वायत्तता प्राध्यापकाला मिळत नाही, महाविद्यालयाला मिळते. एका महाविद्यालयातल्या शंभर जणांचं याबाबतचं उत्तर एकच. त्यातल्या एका ठिकाणी प्राचार्य खडूस असले किंवा पगार उशिरा होत असले, तर शंभरही जण नाराज दिसणार आणि दोष मात्र स्वायत्ततेच्या नावावर लागणार.

हिशेबही बघा. एकाच संस्थेतल्या लोकांच्या उत्तरांतला सारखेपणा (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे पूर्ण) अवघा ०.०५ धरला, तरी नमुना किती पट फुगलेला आहे ते येतं १ + (९९ × ०.०५) म्हणजे ५.९५; ९९ म्हणजे एका ठिकाणचे १०० फॉर्म वजा एक. चारशेला त्याने भागलं की उरते जेमतेम ६७ स्वतंत्र उत्तरांची किंमत. तेच ४०० फॉर्म ४० महाविद्यालयांतून दहा-दहा आणले असते, तर भाजक १.४५ झाला असता आणि ४०० ची किंमत २७५ च्या आसपास राहिली असती. फॉर्म तेवढेच, फक्त पायपीट जास्त. म्हणून ज्या पातळीवर कारण बदलतं, त्या पातळीवरची संख्या वाढवा आणि विश्लेषण बहुस्तरीय, म्हणजे माणूस आणि संस्था या दोन्ही पातळ्या धरून, करा. तेवढी महाविद्यालयं मिळत नसतील तर चारांचाच सखोल व्यक्ती-अभ्यास करा, मुलाखती घ्या, इतिवृत्तं वाचा. पण मग दोन गटांच्या सरासरींची तुलना करणाऱ्या टी-चाचणीचा देखावा नको.

उलटी चूकही, म्हणजे गटाच्या आकड्यावरून माणसाबद्दल बोलणं, तितकीच होते. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून ती दाखवली. परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत निरक्षरता कमी होती, सहसंबंध उणे ०.५३. माणूस हे एकक धरलं की तोच अधिक ०.१२ झाला, कारण स्थलांतरित लोक मुळातच साक्षर राज्यांत स्थायिक होत होते. विद्यापीठाच्या सरासरी निकालावरून एकेका विद्यार्थ्याबद्दल बोलणारे प्रबंध याच खड्ड्यात पडतात.

आणि ते ३८४! 'नमुना ३८४ घ्या, कोणी विचारत नाही' हा सल्ला तुम्हाला मिळेलच. हा आकडा क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या नमुन्याचा आकार सांगणाऱ्या १९७० च्या तक्त्यातून येतो, आणि त्यात साधी यादृच्छिक निवड गृहीत आहे. ओळखीच्या प्राध्यापकांना लिंक पाठवून जमवलेल्या ३८४ उत्तरांशी त्या तक्त्याचं काही देणंघेणं नाही.

एकक ठरलं की पद्धत फारशी छळत नाही. 'किती' विचारायचं असेल तर सर्वेक्षण, 'कसं' आणि 'का' विचारायचं असेल तर मुलाखती आणि कागदपत्रं. केवळ भारदस्त वाटतं म्हणून मिश्र पद्धत घेऊ नका, दुप्पट काम आणि अर्धवट प्रकरणं होतात.

आता प्रश्नावली बाहेर काढा. आठ-दहा जणांना ती मोठ्याने वाचायला लावा. जिथे ते अडखळतील तिथे प्रश्न चुकला आहे. प्रश्नावलीच्या विश्वासार्हतेसाठी काढतात तो क्रोनबाख अल्फा ०.९ आला म्हणून हुरळून जाऊ नका. प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळतात एवढंच तो सांगतो. एकच प्रश्न पाच प्रकारे विचारला तरी तो येतो.

विश्लेषणाचं सॉफ्टवेअर दोन आठवड्यांत येतं. ते शेवटी शिका, आणि स्वतःच्याच माहितीवर शिका.