समुद्री जीव पाहताना अंतर कसे राखावे

देवमासा किंवा डॉल्फिन दिसताच नाव थेट त्याच्या दिशेने वळवू नये. वेग आधीच कमी करून त्याच्या मार्गाला समांतर, किंचित मागच्या बाजूने जावे आणि मोठ्या देवमाशापासून निदान १०० मीटर अंतर राखावे. अनेक देशांच्या नियमांत हीच किमान मर्यादा आहे. प्राणी स्वतःहून जवळ आला, तर इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून तो दूर जाईपर्यंत थांबावे. तो वारंवार दिशा बदलू लागला, तर त्याला त्रास होत आहे असे समजून तेथून निघावे.

स्कूबा डायव्हिंग करताना पाण्याखाली सर्वाधिक लक्ष तरंगण्याच्या नियंत्रणाकडे, म्हणजे नको तेव्हा वर-खाली न जाता एकाच खोलीवर राहण्याकडे, द्यावे. प्रवाळाच्या कठीण सांगाड्यावर जिवंत ऊतींचा अगदी पातळ थर असतो आणि फिनचा (पायात घालायच्या पोहण्याच्या पंखाचा) एक फटका किंवा लोंबकळणारा प्रेशर गेजही (टाकीतील हवेचा दाब दाखवणारे नळीला जोडलेले उपकरण) तो खरवडून काढू शकतो. म्हणून नळ्या अंगालगत अडकवाव्यात आणि तळाजवळ बेडकासारखे पाय मारावेत, म्हणजे वाळू उडून प्रवाळावर बसत नाही. कासव श्वास घेण्यासाठी वर निघाले असेल, तर त्याच्या वरच्या बाजूला कधीही थांबू नये. माझ्या मते ही चूक फार सहज आणि नकळत होते. स्पर्श करणे आणि खाऊ घालणे पूर्णपणे टाळावे.