पडकी सुरुवात, तरी डाव हातचा: सिव्हिलायझेशन ६ मल्टिप्लेअरमध्ये या चुका टाळा

रविवारी दुपारी जुळे सोलापुरात एखाद्या फ्लॅटवर सिव्हिलायझेशन ६ (टर्नाटर्नानं आपलं राज्य वाढवायचा कॉम्प्युटर गेम) खेळायला चार लॅपटॉप जमतात, पाचवा गडी होटगी रोडवरून ऑनलाइन येतो, आणि विसाव्या-पंचविसाव्या टर्नला कुणीतरी हमखास म्हणतो, "माझ्याकडं सगळं वाळवंट आलंय, रिमॅप करा, नवा नकाशा लावा." बाकीच्यांचं बरं चाललेलं असतं, त्यामुळं रिमॅप काही होत नाही. मग हा चिडून स्टोनहेंज हे वंडर (एकाच खेळाडूला बांधता येणारी मोठी वास्तू) लावतो, नाहीतर चार वॉरियर (सुरुवातीचे सैनिक) घेऊन शेजाऱ्यावर जातो. डाव खरा जातो तो इथं. वाळवंटानं पाच-दहा टर्न खाल्लेले असतात, चिडून घेतलेला पुढचा निर्णय तीस खातो.

खालचे आकडे गॅदरिंग स्टॉर्म (२०१९ चा विस्तार) असलेल्या गेमचे, स्टँडर्ड वेगाचे आहेत. मल्टिप्लेअर बहुतेक वेळा ऑनलाइन वेगावर चालतो, तिथं खर्चाचे आकडे निम्मे धरा. बेटर बॅलन्स्ड गेमसारखा मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल) लावला असेल तर काही आकडे बदलतात, तेव्हा गेममधली माहिती बघूनच हिशेब करा.

चूक १: दुखणं न ओळखता औषध घेणं

"सुरुवात वाईट आहे" एवढ्यावर काही करता येत नाही. राजधानीवर क्लिक करा आणि तीन गोष्टी बघा: प्रत्येक टर्नला जास्तीचं अन्न किती, प्रॉडक्शन (बांधकामाची ताकद) किती, हाउसिंग (लोकसंख्येला राहायला जागा) किती शिल्लक.

गोडं पाणी असलेल्या शहराला ५ हाउसिंग मिळतं, फक्त समुद्रकिनाऱ्याला ३, दोन्ही नसेल तर २. म्हणजे कोरड्या जागी वसवलेलं शहर लोकसंख्या १ वरून २ होतानाच अडखळायला लागतं. शिल्लक हाउसिंग १ वर आलं की वाढीचा वेग निम्मा होतो. तिथं शेतं वाढवून फारसा उपयोग नाही, ग्रॅनरी म्हणजे धान्याचं कोठार लागतं (खर्च ६५ प्रॉडक्शन) किंवा दुसरं शहर पाण्याकाठी. हाउसिंग भरपूर आणि प्रॉडक्शन ३ असेल तर ग्रॅनरी म्हणजे वीसेक टर्न पाण्यात. दुखणं वेगळं, इलाज वेगळा.

पहिल्या टर्नला सेटलर (नवं शहर वसवणारं युनिट) हलवावा का, यावर वाद घालणारे पुष्कळ. साधा नियम ठेवा: एक-दोन टर्नच्या अंतरावर नदीकाठची मैदानी टेकडी दिसत असेल तर जा, कारण मैदानी टेकडीवरच्या शहराच्या मधल्या घराला (घर म्हणजे नकाशावरची एक षट्कोनी जागा) २ अन्न आणि २ प्रॉडक्शन मिळतं, एरवी २ आणि १. त्याहून लांब जायचं नाही. "पुढं काहीतरी बरं सापडेल" म्हणत पाच टर्न भटकणारा माणूस चांगल्या जागेवरही मागंच राहतो.

चूक २: नागरिक गेमच्या भरवशावर सोडणं

पडक्या सुरुवातीत सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच, आणि हीच कुणी करत नाही. गेम नागरिकांना स्वतःच्या मर्जीनं घरांवर बसवतो आणि बहुतेकदा अन्नाकडं झुकतो. शहराच्या पडद्यावर नागरिकांची व्यवस्था उघडून घरं हातानं लॉक करा.

सेटलरचं उदाहरण घ्या. पहिला सेटलर ८० प्रॉडक्शनचा, पुढचा ११०, त्यापुढचा १४०. सेटलर तयार झाला की शहराची लोकसंख्या एकनं घटते, आणि लोकसंख्या २ असल्याशिवाय तो करताच येत नाही. तेव्हा क्रम असा: १ वरून २ होईपर्यंत नागरिक सगळ्यात जास्त अन्नाच्या घरावर, २ झाले की दोघांनाही प्रॉडक्शनच्या घरांवर. शहराचं प्रॉडक्शन ४ असेल तर सेटलरला २० टर्न लागतात. तेच ६ झालं तर १४. त्यावर कॉलोनायझेशन हे धोरणाचं कार्ड लावलं (सेटलरला ५० टक्के जादा) तर ९. एकाच वाळवंटी राजधानीत, एकही नवीन घर न मिळवता, २० चे ९ टर्न होतात.

हे कार्ड अर्ली एम्पायर या सिव्हिकनं (कल्चरच्या गुणांनी गाठायचा टप्पा) मिळतं, आणि त्या सिव्हिकची इन्स्पिरेशन (पुरी केली की सिव्हिक स्वस्त होतं ती अट) म्हणजे सगळ्या शहरांची मिळून लोकसंख्या ६. सिव्हिक पूर्ण झालेल्या टर्नला कार्डं फुकट बदलता येतात, म्हणून सेटलर रांगेत येण्याच्या सुमारास एखादं सिव्हिक संपेल असं बघा. सेटलर संपले की कार्ड काढून दुसरं लावा. पुष्कळ जण ते शंभराव्या टर्नपर्यंत तसंच ठेवतात.

जवळ जंगल असेल तर तेही भांडवलच. मायनिंगचं तंत्रज्ञान आलं की बिल्डर (जमिनीवर काम करणारं युनिट) जंगल तोडतो आणि सुरुवातीच्या काळात एका तोडीतून साधारण २० प्रॉडक्शन मिळतं. तंत्रज्ञान वाढेल तसा हा आकडा वाढत जातो. मॅग्नस हा गव्हर्नर (शहरावर नेमायचा अधिकारी) शहरात रुजला, म्हणजे नेमल्यावर काही टर्न जाऊन स्थिरावला असेल तर त्यावर आणखी ५० टक्के. तोडीचं प्रॉडक्शन त्या क्षणी रांगेत जे वर असेल त्यात पडतं, म्हणून तोडण्याआधी वर सेटलरच आहे ना हे बघा. मॅग्नसची प्रोव्हिजन ही बढती घेतली तर त्या शहरातून सेटलर निघताना लोकसंख्याही घटत नाही. लहान राजधानीला ही बढती सोन्यासारखी.

चूक ३: स्कोअर बघत बसणं

पावसाळ्याच्या तोंडाला उजनी मायनसमध्ये असते तेव्हा सोलापूरकर नुसती टक्केवारी बघत नाही, दौंडचा विसर्ग किती आहे ते विचारतो. इथंही तेच. शेजाऱ्याचा स्कोअर ६० आणि तुमचा ३५, यातून काही कळत नाही. दर टर्नला विज्ञान, कल्चर, प्रॉडक्शन किती येतंय आणि दहा टर्नांपूर्वी किती येत होतं, ते कागदावर लिहा. आवक वाढत असेल तर डाव चालू आहे.

स्कोअरच्या नादानं वंडर लावण्याची खोड याच जातीची. स्टोनहेंज १८० प्रॉडक्शनचं. पहिले दोन सेटलर मिळून १९०. म्हणजे एका स्टोनहेंजच्या मोलात जवळजवळ दोन शहरं जातात, शिवाय दुसऱ्या कुणी आधी बांधलं तर वंडर हातचं जातं. माणसांच्या डावात कोण काय बांधतोय ते दिसत नाही, म्हणून हा जुगार एकट्यानं एआयशी खेळताना असतो त्याहून वाईट. अपवाद एकच: वंडर तुमच्या विजयाच्या वाटेवर नेमकं बसतं आणि रांगेत तोडीचं प्रॉडक्शन ओतता येतं.

चूक ४: बूस्टकडं पाठ

एक लोकसंख्येच्या राजधानीचं विज्ञान जेमतेम २.५. आर्चरी या तंत्रज्ञानाची किंमत ५० विज्ञान. युरेका (ठरलेली अट पुरी केली की तंत्रज्ञानाला मिळणारा बूस्ट) मिळाली तर ४० टक्के, म्हणजे २० गुण फुकट. दर टर्नला ३ विज्ञान असणाऱ्याला ते जवळजवळ सात टर्न पडतात, १० असणाऱ्याला दोन. कमजोर माणसाला बूस्ट जास्त फळतो.

आर्चरीची युरेका: स्लिंगरनं (गोफणवाल्यानं) एक युनिट मारायचं. स्लिंगरचा पल्ला एकच घर, समोरासमोरची ताकद ५. त्याला एकटा पुढं धाडला तर तोच मरतो. आधी वॉरियरनं बार्बेरियनला (कुठल्याच खेळाडूच्या नसलेल्या लुटारू टोळीतल्या युनिटला) जखमी करा, शेवटचा घाव स्लिंगरला द्या. मग सोनं देऊन त्या स्लिंगरचा आर्चर करा. नवा आर्चर बांधण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

पहिल्या बिल्डरच्या तीन चार्जचं (तेवढीच कामं तो करू शकतो) बजेटही असंच मांडा. जवळ दगड, गव्हासारखं शेतीचं संसाधन आणि खाणीचं एखादं संसाधन असेल तर क्वारीतून मेसनरी, शेतातून इरिगेशन, खाणीतून व्हील, आणि तिन्ही सुधारणा मिळून क्राफ्ट्समनशिप: तीन चार्जमध्ये चार बूस्ट. बिल्डर ५० प्रॉडक्शनचा. तंत्रज्ञान हातात नसताना घाईनं बनवलेला बिल्डर मात्र नुसता उभा राहतो.

स्काउट (टेहळणीचं युनिट) एक तरी करा, ३० मध्ये होतो. पोलिटिकल फिलॉसॉफीची इन्स्पिरेशन तीन सिटी-स्टेट (एआयची एकेका शहराची राज्यं) भेटल्यावर मिळते, आणि पहिलं खरं सरकार तिथूनच सुरू होतं.

चूक ५: बार्बेरियन स्काउटला जाऊ देणं

बार्बेरियन स्काउटच्या डोक्यावर उद्गारचिन्ह दिसलं की त्यानं तुमचं शहर बघितलंय आणि तो तळाकडं परत निघालाय. तो पोचला की धाड येते. उपाय त्याच्या वाटेवर: तळाची दिशा अंदाजानं धरून वॉरियर आडवा घाला, मागं पळत जाऊ नका, तो तुमच्यापेक्षा वेगवान आहे. घोड्यांजवळच्या तळातून घोडेस्वार येतात. त्यांच्याशी मोकळ्यावर लढायचं नाही, टेकडीवर फोर्टिफाय करून बसायचं. ताकदीत टेकडीचे ३, दोन टर्न बसून राहिल्याचे ६ जादा मिळतात. ब्रॉन्झ वर्किंग आलं की स्पिअरमन घोडदळाविरुद्ध आणखी १० घेतो. डिसिप्लिन कार्ड (बार्बेरियनविरुद्ध ५) धाडीच्या काळात लावा.

चूक ६: सूड, आणि उघडं शहर

शेजारी मोठा झाला म्हणून त्याच्यावर वॉरियर सोडणं हा आत्मघात. तटबंदी असेल तर बॅटरिंग रॅमशिवाय समोरासमोरचे सैनिक भिंतीला ओरखडे काढतात, आणि तट असलेलं शहर दर टर्नला तुमच्यावर बाणही सोडतं. उलट बाजूनं विचार करा: हाच फायदा तुम्हाला हवा. मेसनरी घ्या, सीमेवरच्या शहराला ८० मध्ये एन्शंट वॉल्स बांधा, आत आर्चर ठेवा. लाइम्स कार्ड लागलं तर तट निम्म्या वेळात. एवढं दिसलं की तुमच्यावर येणारा बहुधा दुसऱ्या कुणाकडं वळतो, आणि कमजोर खेळाडूला तेवढंच हवं असतं.

जागा कोंडली म्हणून शेजाऱ्याच्या पोटात शहर घुसवणं हीही चूक. नऊ घरांच्या आतल्या शहरांची लोकसंख्या निष्ठेवर दाब टाकते. त्याची मोठी राजधानी जवळ असेल तर तुमचं नवं शहर फुटून फ्री सिटी (कुणाचंच नसलेलं शहर) होतं आणि मग त्याच्याच हाती जातं. तिथं वसवायचंच असेल तर गव्हर्नर लगेच नेमा. तो दर टर्नला ८ निष्ठा देतो.

डिस्ट्रिक्टची (शहराभोवती बांधायच्या खास विभागाची) किंमत तुमचं तंत्रज्ञान आणि सिव्हिक वाढतील तशी वाढते, पण जागा नेमून काम सुरू केलं की तिथंच गोठते. म्हणून कॅम्पस (विज्ञानाचा डिस्ट्रिक्ट) आता पूर्ण करायची ऐपत नसली तरी लोकसंख्येची परवानगी मिळताच (पहिलं १ ला, दुसरं ४ ला, तिसरं ७ ला) त्याची जागा पक्की करून ठेवा आणि रांगेत मागं टाका.

चूक ७: डार्क एजला घाबरणं

एरा स्कोअर (एका युगात केलेल्या पराक्रमांचे गुण) कमी पडला आणि पुढच्या युगात डार्क एज आलं की लोक डाव संपला समजतात. निष्ठा घसरते हे खरं, सीमेवरच्या शहरांना सांभाळावं लागतं. पण डार्क एजनंतर गोल्डनचा स्कोअर गाठला तर ते हिरोइक एज होतं आणि एकाऐवजी तीन डेडिकेशन (त्या युगापुरते निवडायचे फायदे) मिळतात. त्यातलं एक मोन्युमेंटॅलिटी घेतलं की सेटलर आणि बिल्डर फेथनं (श्रद्धेच्या गुणांनी) विकत घेता येतात, तेही ३० टक्के स्वस्त.

म्हणून दुसऱ्या युगात मागं असाल तर अर्धवट धडपडीनं नॉर्मल एज गाठण्यापेक्षा फेथ साठवा: गॉड किंग कार्ड, डोंगरालगत होली साइट (फेथ देणारा डिस्ट्रिक्ट). तळ उद्ध्वस्त करणं, नैसर्गिक आश्चर्य सापडणं असे एरा स्कोअर देणारे प्रसंग जमतील तितके पुढच्या युगावर ढकला. फेथनं घेतलेला सेटलरही शहराची एक लोकसंख्या खातो, एवढं ध्यानात असू द्या.

माणसांशी वागताना

एआयच्या डावात न मिळणारी गोष्ट म्हणजे सौदा करणारी माणसं. पहिल्या दोन नंबरचे खेळाडू एकमेकांना घाबरतात. तुमचा जादा लक्झरी, घोडे, लोखंड, डिप्लोमॅटिक फेव्हर त्यांतल्या मागं असलेल्याला विका, आणि शक्य तिथं एकरकमी सोनं घ्या; दर टर्नचा हप्ता युद्ध झालं की बुडतो. मैत्री जाहीर केली तर तिच्या मुदतीत दोघांनाही एकमेकांवर युद्ध पुकारता येत नाही, म्हणून सगळ्यात जवळच्या बलवान शेजाऱ्याशी ती आधी करा. चॅटवर "मी तर मेलोच" असं लिहू नका. सोलापुरी मित्र असला तरी वॉरियर पाठवतोच.

सगळ्यांचे टर्न एकाच वेळी चालत असतील तर एक डाव ओळखून ठेवा: शत्रू टर्नच्या शेवटच्या सेकंदांत मारतो आणि नवा टर्न उघडताच पुन्हा मारतो, तुम्हाला मधे हात हलवायला मिळत नाही. सीमेवर शत्रू असेल तर टर्न लवकर संपवू नका. नवा टर्न आला की पहिलं काम जखमी युनिट मागं घेण्याचं, शहराच्या रांगा नंतर.

आणि वीज. उन्हाळ्यात होस्ट डेस्कटॉपवर आणि घरात इन्व्हर्टर नाही, अशी जोडी टाळा. होस्ट लॅपटॉपवाल्याला करा आणि ऑटोसेव्ह प्रत्येक टर्नला लावा. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत सगळे एकत्र बसत नाहीत, तेव्हा प्ले बाय क्लाउड (ज्यानं त्यानं सवडीनं आपला टर्न खेळायचा) बरं. तुमचं कनेक्शन तुटलं तर तुमचं राज्य एआय चालवतो. परत आल्यावर लगेच प्रत्येक शहराची रांग, लावलेली कार्डं, लॉक केलेली घरं आणि चालू सौदे तपासा, आणि तुमचा सेटलर कुठं उभा आहे तेही बघा.