अलास्कात हंगामी सी-प्लेन वैमानिक म्हणून काम करताना या चुका टाळा

अलास्काच्या आग्नेय टोकाला असलेल्या केचिकन या बंदरगावात मुख्यतः मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत मोठमोठी पर्यटक जहाजे येतात, आणि जहाजांवरून उतरलेल्या प्रवाशांना मिस्टी फ्योर्ड्सचे (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेला समुद्राचा अरुंद फाटा) कडे, धबधबे आणि डोंगरमाथ्यावरची तळी दाखवण्यासाठी तेवढ्याच महिन्यांपुरते वैमानिक नेमले जातात. बहुतेकांच्या वाट्याला येते ते डी हॅविलँड बीव्हर. या विमानाने पहिले उड्डाण 1947 मध्ये केले, त्याचे उत्पादन 1960 च्या दशकात थांबले, आणि तरीही नऊ सिलिंडरांचे आणि 450 अश्वशक्तीचे इंजिन असलेले हे विमान आजही तिथल्या सी-प्लेन व्यवसायाचा कणा आहे.

या कामात होणाऱ्या चुकांचे एक वैशिष्ट्य नवीन वैमानिकांनी आधीच ध्यानात घ्यावे असे मला मनापासून वाटते. त्यांतल्या पुष्कळशा चुका हवेत होतच नाहीत. त्या धक्क्यावर आणि पाण्यावर होतात. हवेत ज्या होतात त्यांचेही मूळ बहुधा धक्क्यावर घेतलेल्या, किंवा घ्यायचा राहून गेलेल्या निर्णयात असते.

पात्रता म्हणजे नोकरी असे समजणे

अमेरिकेत पाण्यावर उतरण्याची पात्रता मिळवण्यासाठी किमान तासांची अट नाही. प्रशिक्षकाची शिफारस आणि प्रात्यक्षिक परीक्षा पुरेशी असते, त्यामुळे जमिनीवरचा परवाना असलेला वैमानिक थोड्या दिवसांत ती मिळवू शकतो. कॅनडात सात तासांचे प्रशिक्षण लागते. या सोयीमुळे गैरसमज होतो. भाडोत्री प्रवासी उड्डाणांना लागू असलेल्या अमेरिकी नियमांनुसार, केवळ दृश्य नियमांनी, म्हणजे बाहेर डोळ्यांनी पाहून, उडायचे असले तरी मुख्य वैमानिकाकडे किमान 500 तासांचा अनुभव हवा, त्यात 100 तास लांब पल्ल्याच्या उड्डाणांचे आणि त्यांपैकी 25 तास रात्रीचे असावे लागतात. शिवाय विमा कंपन्या फ्लोटवरच्या (चाकांऐवजी विमानाला पाण्यावर तरंगत ठेवणाऱ्या नावेसारख्या पोकळ भागांवरच्या) अनुभवाचे तास वेगळे मोजतात आणि त्यांची अपेक्षा कायद्यापेक्षा बरीच जास्त असते. म्हणूनच अनेक जण पहिला उन्हाळा धक्क्यावरचे मदतनीस म्हणून काढतात: दोर पकडणे, इंधन भरणे, प्रवाशांना चढवणे. हे काम कमीपणाचे मानणे ही चूकच आहे, कारण वारा, प्रवाह आणि विमान यांचे नाते जितके धक्क्यावर उभे राहून कळते तितके आसनावर बसून कळत नाही.

भारतातून जाऊ पाहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. अमेरिकी वैमानिक परवाना परदेशी नागरिकालाही मिळू शकतो, परंतु त्याने तिथे काम करण्याचा हक्क मिळत नाही, आणि हंगामी पदासाठी व्हिसाची खटपट करणारा मालक सापडणे अवघड असते. हा प्रश्न शेवटी सोडवू, असे म्हणून कर्ज काढून तास जमवण्याआधी तो सोडवावा. भारतात 2014 मध्ये जुहूहून आंबी व्हॅलीपर्यंत आणि 2020 मध्ये अहमदाबादहून केवडियापर्यंत सी-प्लेन सेवा सुरू झाल्या, पण त्या टिकल्या नाहीत. त्यामुळे देशात अनुभव घेऊ आणि मग बाहेर जाऊ हा हिशेबही सध्या तरी भरवशाचा नाही.

फ्लोटमधले पाणी उपसण्याचा कंटाळा

प्रत्येक फ्लोटमध्ये किमान चार जलरोधक कप्पे असतात. सांधे आणि खिळे यांतून त्यांत थोडे पाणी झिरपतच राहते, म्हणून रोज सकाळी वैमानिक फ्लोटवर वाकून एकेका कप्प्याच्या छिद्रावरचा रबरी चेंडू काढतो, हातपंपाचे तोंड त्यात दाबून बसवतो आणि पाणी उपसतो. पाऊस कोसळत असताना आणि जहाजाचे प्रवासी येऊन उभे असताना हे काम उरकण्याचा मोह होतो. पण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, आणि ते नेमके फ्लोटच्या मागच्या कप्प्यांत साचले तर विमानाचा गुरुत्वमध्य कागदावरच्या हिशेबापेक्षा मागे सरकतो. उड्डाणाच्या वेळी नाक अकारण वर जाऊ लागले, किंवा विमान पाण्यावरून सुटायला नेहमीपेक्षा जास्त अंतर घेऊ लागले, तर वाऱ्याला दोष देण्याआधी कप्पे तपासावेत.

दोन बारकावे इथे महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, पंपाने पहिल्याच झटक्याला केवळ हवा ओढली म्हणून कप्पा कोरडा आहे असे मानू नये. छिद्रापासून तळापर्यंत जाणारी नळी निसटलेली किंवा तडकलेली असली तर पंप वरचीच हवा ओढतो आणि पाणी खाली तसेच राहते. अशा वेळी धक्क्यावर चार पावले मागे जाऊन दोन्ही फ्लोटचे शेपटीकडचे टोक पाण्यात सारखेच बुडाले आहे का ते पाहावे. दुसरा बारकावा नोंदीचा आहे. कोणत्या कप्प्यातून किती झटके पाणी निघाले हे रोज लिहून ठेवले, तर एरवी दोन-तीन झटक्यांत कोरडा होणारा कप्पा एके दिवशी वीस झटके मागतो तेव्हा गळती लगेच लक्षात येते. चेंडू परत घट्ट बसवला नाही तर उड्डाणाच्या वेळचे तुषार थेट आत जातात, हे वेगळे सांगायला नको.

ब्रेक नाही, हे विसरणे

इंजिन सुरू झाले की सी-प्लेन पुढे सरकू लागते; त्याला जागेवर थांबवण्याचे साधन नाही. म्हणून दोर सोडण्यापूर्वी वारा कुठून आहे, प्रवाह कुठे नेणार आहे आणि इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू झाले नाही तर आपण कशावर जाऊन आदळू, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तयार हवीत. टोंगास नॅरोज या केचिकनसमोरच्या चिंचोळ्या खाडीत भरती-ओहोटीतला फरक सरासरी पंधरा फुटांच्या आसपास असतो आणि उधाणाच्या दिवसांत तो वीस फुटांच्या पुढे जातो. प्रवाह त्यामुळे जोराचा असतो. मोठी भरती किनाऱ्यावर पडलेले ओंडकेही उचलून आणते, आणि पाण्याखाली जेमतेम बुडालेला ओंडका फ्लोट फाडायला पुरेसा असतो. उधाणानंतर उड्डाणाची पट्टी आधी संथ गतीने फिरून पाहावी ती यासाठीच.

धक्क्याला लागताना नवखे वैमानिक इंजिन बंद करायला उशीर करतात. वारा आणि प्रवाह यांपैकी जो जोराचा असेल त्याच्या विरुद्ध दिशेने यावे, इंजिन लवकर बंद करावे आणि उरलेल्या गतीने विमान धक्क्यापर्यंत जाऊ द्यावे. अंतर कमी पडले तर वल्हे आहेच. गती जास्त झाली तर मात्र हातात काही उरत नाही. फ्लोटच्या मागची सुकाणी संथ चालीत खाली असावीत आणि उड्डाणापूर्वी व उतरण्यापूर्वी वर उचललेली असावीत. ती खाली राहिली तर वेगात त्यांवर मार बसून त्यांची मोडतोड होते आणि विमानाची दिशा सांभाळणे कठीण होते. प्रवाशांना विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या दिशेने जाऊ न देण्याची जबाबदारी वैमानिकाची आहे. पंखा थांबलेला दिसत असला तरी ती मर्यादा पाळावी.

नाक डुलू लागले की त्याच्या मागे धावणे

पाण्यावर वेग घेताना नाकाचा कोन चुकला तर विमान लयीत वर-खाली डुलू लागते आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. नाक खाली जाताच नियंत्रणाची दांडी ओढायची आणि वर येताच ढकलायची, ही स्वाभाविक प्रतिक्रिया हेलकावा वाढवते. सुरुवातीलाच दांडी किंचित मागे ओढून योग्य कोन धरावा. त्याने डुलणे थांबले नाही तर इंजिनाची शक्ती काढून घ्यावी, दांडी पूर्ण मागे धरावी, विमान स्थिरावू द्यावे आणि नव्याने सुरुवात करावी. उड्डाण सोडून देण्यात काहीही बिघडत नाही.

आरशासारखे निश्चल पाणी याहून फसवे असते. वारा पडलेल्या तळ्यात डोंगराचे प्रतिबिंब इतके स्वच्छ दिसते की पृष्ठभाग कुठे आहे हे डोळ्यांना कळत नाही, आणि अनुभवी वैमानिकाचे डोळेही इथे फसतात. डोळ्यांच्या अंदाजाने नाक उचलण्याचा प्रयत्न करणारा एकतर पन्नास फुटांवर वेग गमावतो किंवा उतरत्या कोनातच पाण्यावर आदळतो. उपाय शिस्तीचा आहे: किनाऱ्याला समांतर, झाडांची रेषा नजरेच्या कडेला ठेवून यावे, उतरण्याचा कोन आधीच ठरवावा, मिनिटाला 150 फूट किंवा त्याहून कमी दराने खाली यावे, आणि फ्लोट पाण्याला लागेपर्यंत त्यात काहीही बदलू नये. या पद्धतीला बरेच लांब पाणी लागते, म्हणून लहान तळ्यावर वारा नसेल तर तिथे जाऊच नये.

जहाजाच्या घड्याळाप्रमाणे उडणे

सर्वांत जास्त जीव याच चुकीने घेतले आहेत, म्हणून इथे थोडे थांबतो.

केचिकनमध्ये वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. ढग फ्योर्डच्या तोंडाशी उंच असतात आणि आत वळणावर पाण्याला टेकलेले असतात. जहाज ठरलेल्या वेळी सुटते, प्रवाशांनी पैसे भरलेले असतात, आधीचे विमान जाऊन आलेले असते, आणि परतीला उशीर झाला तर काय, हा विचार वैमानिकाच्या मनात सतत असतो. 25 जून 2015 रोजी मिस्टी फ्योर्ड्सहून जहाजाच्या प्रवाशांना परत आणणारे एक ऑटर (बीव्हरपेक्षा मोठे, त्याच कंपनीचे) विमान एला तलावाजवळच्या कड्यावर आदळले आणि त्यातील नऊही जण मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने ढगाळ, दृश्यता नसलेल्या क्षेत्रात उड्डाण सुरू ठेवण्याचा निर्णय हे प्रमुख कारण ठरवले, आणि अशा निर्णयांना मूक संमती देणाऱ्या कामाच्या वातावरणावरही बोट ठेवले.

नियम सांगतो की अनियंत्रित, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांच्या ताब्यात नसलेल्या, हवाई क्षेत्रात ढगांचा तळ 1,000 फुटांच्या खाली असेल तर किमान दोन मैल दृश्यता हवी, आणि दिवसा जमिनीपासून 500 फुटांच्या खाली उडू नये. पण नियमाची रेषा डोळ्यांसमोर येईपर्यंत दरी अरुंद झालेली असते. म्हणून परत फिरण्याचे ठिकाण नकाशावर, धक्का सोडण्यापूर्वी ठरवावे: अमुक वळणापलीकडचे टोक दिसले नाही तर वळायचे. दरीच्या मधोमध न उडता एका बाजूने उडावे, म्हणजे वळायला पूर्ण रुंदी मिळते. खिंडींमध्ये बसवलेल्या हवामान कॅमेऱ्यांची चित्रे पाहावीत, पण त्यांवर किती वाजताची वेळ आहे तेही वाचावे. आणि सी-प्लेनच्या वैमानिकाकडे असलेला एक पर्याय इतरांकडे नसतो हे विसरू नये. निवाऱ्याच्या खाडीत उतरावे, कार्यालयाला कळवावे आणि ढग उठेपर्यंत प्रवाशांसह वाट पाहावी. जहाज चुकलेला प्रवासी तक्रार करील, करू द्यावी.

स्वच्छ दिवसांचा धोका निराळा आहे. 13 मे 2019 रोजी केचिकनजवळ जॉर्ज इनलेटवर एक बीव्हर आणि एक ऑटर हवेत एकमेकांवर आदळले आणि सहा जणांचा बळी गेला. दोन्ही विमाने प्रवाशांना तोच निसर्ग दाखवून परतत होती. पाहा आणि टाळा या तत्त्वाच्या मर्यादा तपासात स्पष्ट झाल्या. पंखा, खिडकीची चौकट, शेजारी बसलेला प्रवासी, यांतले काहीही समोरचे विमान झाकू शकते. ठरलेल्या ठिकाणांवरून रेडिओवर आपली जागा आणि उंची सांगणे, आणि आपली जागा इतर विमानांना कळवणारे उपकरण उंचीसह माहिती प्रक्षेपित करते आहे याची उड्डाणापूर्वी खात्री करणे, ही कामे सवयीची व्हावीत.

सूचना वाचून दाखवून मोकळे होणे

2009 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश कोलंबियातील सॅटर्ना बेटाजवळ एक बीव्हर पाण्यात कोसळले. आठ जणांपैकी सहा जण विमानाच्या आतच बुडून मरण पावले. म्हणून उड्डाणापूर्वीच्या सूचना नुसत्या ऐकवून भागत नाही; प्रवाशाने दाराची मूठ एकदा स्वतःच्या हाताने फिरवून पाहिली पाहिजे. जीवरक्षक जाकीट विमानात फुगवले तर ते माणसाला छताशी चिकटवून ठेवते, म्हणून ते बाहेर पडल्यावरच फुगवायचे. पाणी आत शिरल्यावर एका हाताने दाराची चौकट धरावी आणि मगच पट्टा सोडावा, नाहीतर उलट्या विमानात दिशा हरवते. प्रवासी परभाषिक असेल तर हे सारे करून दाखवावे. वैमानिकाने स्वतः पाण्याखालून बाहेर पडण्याचे प्रशिक्षण घेतलेले असावे. अमेरिकेत ते ऐच्छिक असले तरी हंगामापूर्वी स्वतःच्या खर्चाने घ्यावे असे माझे ठाम मत आहे.

इंधन, तेल आणि मीठ

बीव्हरच्या पोटात तीन इंधन टाक्या असतात आणि त्या वैमानिकाने हाताने बदलायच्या असतात. हवेत इंजिन अचानक खोकले तर आधी टाकी बदलावी आणि हातपंपाने इंधनाचा दाब उभा करावा. दमट, थंड हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, त्यामुळे शक्ती हळूहळू कमी होत असेल तर गरम हवा वेळेवर द्यावी.

खाऱ्या पाण्यावर काम करणारे विमान दिवसाच्या शेवटी गोड्या पाण्याने धुवावे. पाऊस वरून धुतो. फ्लोटचे सांधे, तारा आणि शेपटीखालचे भाग तो धूत नाही. हंगाम संपत आला की थकवाही येतो आणि नोंदवहीत लिहिण्याचा कंटाळाही. 4 सप्टेंबर 2022 रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या म्युटिनी बे येथे एक ऑटर कोसळून दहा जण दगावले, आणि आडव्या शेपटीचा कोन बदलणाऱ्या यंत्रणेचे भाग हवेतच एकमेकांपासून सुटले होते असे तपासात आढळले. हा कोन बदलणारे चक्र फिरवताना लागणारा जोर बदलला, एखाद्या कप्प्याची गळती वाढली, सुकाणूची तार ढिली वाटली, तर ते त्याच दिवशी मेकॅनिकला तोंडी सांगावे आणि नोंदवहीतही लिहावे. सप्टेंबरअखेर किल्ल्या परत करताना ही नोंदवही त्याच्यासोबत बसून पानापानाने पाहावी, म्हणजे हिवाळ्यात विमान उघडले जाईल तेव्हा कुठे पाहायचे हे त्याला ठाऊक असेल.