यॅग लेसरनंतर मागच्या पडद्यावर लक्ष कसं ठेवायचं

आधी शब्दांचा गुंता सोडवते, कारण मी त्यातच फसले होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसायला लागलं की आपण म्हणतो, मोतीबिंदू परत आला. तो परत येत नाही. कृत्रिम भिंग ज्या पातळ पिशवीत बसवतात, तिची मागची बाजू गढूळ होते. तिला कुणी जाळी म्हणतं, कुणी पडदा. यॅग लेसरने त्या जाळीला मधोमध खिडकी पाडतात. दृष्टिपटल, म्हणजे आपला ‘मागचा पडदा’, वेगळाच. मला सांगितलं, “पडदा मोकळा झाला,” आणि मी निर्धास्त घरी आले.

मी मुद्रितं तपासते. लहानपणापासून मायनस अकराचा चष्मा. असा डोळा लांबट असतो, मागचा पडदा ताणलेला आणि कडेला पातळ. म्हणून लेसरच्या आधीच सांगून टाका: मोठा मायनस नंबर होता का, दुसऱ्या डोळ्याचा किंवा घरात कुणाचा मागचा पडदा जागेवरून सुटला होता का, मोतीबिंदूच्या वेळी काही गुंतागुंत झाली होती का, डोळ्याला मार लागला होता का, मधुमेह आहे का. बाहुली मोठी करून पडदा अगदी कडेपर्यंत तपासायला सांगा. लेसर स्वतः काही मिनिटांचा. हनुवटी टेकवायची, टिक टिक ऐकायचं, संपलं.

त्यानंतर काही दिवस डोळ्यापुढे ठिपके तरंगतात. बरेचसे जाळीचेच तुकडे असतात, हळूहळू कमी होतात. पण दुसऱ्या दिवशी पांढऱ्या भिंतीकडे बघून ते कागदावर काढून ठेवा, तारीख घाला. माझ्या कागदावर चार टिंबं आणि एक स्वल्पविराम होता. ‘वाढले का?’ या प्रश्नाला आठवणीवर विसंबून उत्तर देता येत नाही, कागद देतो.

रोज एक मिनिट तपासा, पण एक डोळा झाकून. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईटाची चूक झाकतो. दाराची चौकट, वहीच्या रेघा बघा. रेघ मधेच वाकली, अक्षरं आकसली तर मागच्या पडद्याच्या मधल्या भागाला सूज असू शकते. ही सूज आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही येते. पडद्याच्या स्कॅनमध्ये दिसते आणि बऱ्याचदा थेंबांनी उतरते. मग एका बिंदूवर नजर ठेवून चारही बाजूंनी बोट हलवत आत आणा. एखाद्या बाजूला ते हरवतंय का?

खरा धोका, मागचा पडदा फाटण्याचा किंवा सुटण्याचा, मात्र दुखत नाही, तिथेच माणूस गाफील राहतो. लेसरनंतर एकोणिसाव्या रात्री अंधारात मान वळवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकली. मला वाटलं, बाहेर पाऊस येतोय. सकाळी काजळी उधळावी तसे ठिपके. फोनवर मी म्हटलं, “जरा अंधुक वाटतंय,” तर पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली. चूक माझ्या वाक्यात होती. पुन्हा फोन करून नीट सांगितलं: “यॅग लेसर झालाय, मायनस अकरा होता, कालपासून चमका आणि आज नवे ठिपके.” त्याच दिवशी बोलावलं. तुम्ही असंच सांगा. कडेकडून सावली सरकत येत असेल तर ती आधी सांगा, आणि आज कुणी बघणार नसेल तर दुसरीकडे जा. सोबत कुणीतरी न्या. बाहुली मोठी केल्यावर गाडी चालवता येत नाही.

माझ्या पडद्याला फाट होती. तिच्याभोवती दुसऱ्या प्रकारच्या लेसरने टाके घातल्यासारखी जागा चिकटवली. पडदा सुटला असता तर शस्त्रक्रिया. मधला भाग सुटण्याआधी गाठलं तर नजर वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते.

फाट लेसरमुळेच पडली का? डॉक्टर म्हणाले, तसं बोट ठेवता येणार नाही. मायनस नंबर आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांनीही धोका वाढतो. मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं. म्हणून महिना उलटला तरी पहारा उठवू नका. मायनसवाल्यांनी तर वर्षांनंतरही.

तो कागद अजून चष्म्याच्या घरात आहे. परवा एक नवं टिंब मोजलं, छातीत धस्स झालं. ते काचेवरच्या शाईचं निघालं. मोजण्याआधी काच पुसा.