लग्नात बाटल्या नकोत? मग पाण्याची तयारी अशी करा

मिरज-तासगाव भागात उन्हाळ्यातल्या लग्नात ३०० पानांना माणशी दोन छोट्या बाटल्या धरल्या तरी ६०० बाटल्या होतात, त्यातल्या कितीतरी अर्ध्या पिऊन टाकलेल्या. नळाचं पाणी नीट तयार केलं तर हा खर्चही वाचतो आणि उकिरडाही.

माणशी दीड लिटर धरून ४५० लिटर लागतं. हजार लिटरची टाकी आदल्या दिवशी घासून भरा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्या आणि वरचं नितळ पाणीच घ्या, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो.

हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल, म्हणजे पाण्यातले जंतू मारणारी क्लोरीनची ब्लीचिंग पावडर पुरते. ती वजन करूनच घ्या, अंदाजाने मूठभर टाकली की पाण्याला वास मारतो. बादलीत कालवा, दहा मिनिटांनी चुना तळाशी बसला की फक्त वरचं पाणी टाकीत ओता, ढवळा आणि तासभर थांबा. मग ओटी टेस्ट करा, म्हणजे टाकीतलं थोडं पाणी नळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाका आणि क्लोरीन उरलाय का ते बघा. पिवळी छटा आली तर ठीक. नाही आली तर बहुधा पावडर जुनी आहे. उघड्या पोत्यातली तर घेऊच नका.

क्षारपड भागातल्या बोअरचं खारं पाणी टीसीएलने गोड होत नाही. तिथे नळाचाच टँकर मागवा.

वाढायला तोटीचे जार ठेवा. पिंपात तांब्या बुडवला की सगळी मेहनत वाया.